जुन्या साड्या-चादरींच्या चिंध्यांची सतरंजी: घरीच माग बनवून विणायची पूर्ण पद्धत

चिंध्यांची सतरंजी विणायची म्हटलं की सगळे आधी रंगांच्या मागे लागतात, कुठली साडी मधे येईल, काठ कुठे दिसेल, सोफ्याला मॅच होईल का. मी म्हणते आधी ताण्याचं बघा. ताणा म्हणजे मागावर उभे लावलेले धागे आणि बाणा म्हणजे त्यांच्यातून आडवी जाणारी चिंधी. चिंधी जुनी असो, विटकी असो, चालते, कारण तिला फारसं कोणी ओढत नाही. सगळी ओढ ताण्यावर. विणताना तोच ताणलेला असतो, पायाखाली तोच घासला जातो, धुताना ओल्या सतरंजीचं वजनही तोच पेलतो. एखादी फाटलेली जुनी सतरंजी नीट बघा, चिंध्या बऱ्याचदा धड असतात आणि मधला दोरा तुटलेला असतो. म्हणून कपडा जुना पण ताणा नवा, एवढं पक्कं धरा. घरात पडलेली सुतळी, उसवलेल्या स्वेटरची लोकर, नाड्यांचे तुकडे असलं काही ताण्याला लावायचं नाही. पैसे वाचवायचे ते कपड्यात वाचतातच, दोरीत वाचवू नका.

इथे २ फूट रुंद आणि ३ फूट लांब सतरंजी धरून सगळी मापं देतेय. पलंगाशेजारी किंवा देवघरासमोर बसेल अशी. पहिल्यांदा ह्याहून मोठी करू नका, कारण फ्रेम मोठी झाली की हात मधपर्यंत नीट पोचत नाही आणि ताण सांभाळणं अवघड होतं.

कपडा किती आणि कुठला

अशा जाड सतरंजीला एका चौरस फुटाला साधारण पाव किलो ते ३५० ग्रॅम कपडा जातो. आपली सहा चौरस फूट, म्हणजे दीड ते दोन किलो कपडा जवळ हवा. सुती साडी साधारण अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तेव्हा चार साड्या, किंवा तीन डबल बेडच्या चादरी. घरातल्या आजींची जुनी नऊवारी मिळाली तर सोनंच, कारण आठ मीटरच्या वर सलग लांबी असते आणि जोड फार कमी येतात. पण विचारून घ्या हं, कोणाकोणाला त्या साडीची गोधडीच हवी असते.

इंदूरात कपड्याला तोटा नाही. एम टी क्लॉथ मार्केट आणि सीतलामाता बाजारच्या आसपासच्या टेलरांकडे कतरन, म्हणजे शिवून उरलेले कापडाचे तुकडे, निघतच असते, परदेशीपुऱ्याकडे रेडीमेडचं काम चालतं तिथेही विचारून बघा. फक्त घेताना पिशवीत हात घालून कपडा बघून घ्या, वर सुती आणि खाली सगळं सिंथेटिक असं असू शकतं. आणि कतरनीचे तुकडे हातभर लांब असतील तरच घ्या, वीतभर तुकडे जोडत बसलात तर विणण्यापेक्षा जोडण्यातच जीव जाईल. आपल्या शहराला २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेचा पहिला नंबर मिळालाय आणि तो घराघरात कचरा वेगळा केल्यामुळे मिळालाय, तरी फाटक्या चादरी सुक्या कचऱ्याच्या डब्यात जातातच, त्या आधी ह्या कामाला काढा.

सुती आणि पॉलिएस्टर एकाच सतरंजीत मिसळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुती कपडा पाणी शोषतो आणि दाबला की दबून बसतो, पॉलिएस्टर सटकतं, दबत नाही, आणि धुतल्यावर सुती भाग आखडतो नि सिंथेटिक तसाच राहतो त्यामुळे सतरंजीला फुगे येतात. सिंथेटिक साड्याच जास्त असतील तर त्यांची वेगळी सतरंजी करा, बाल्कनीत टाकायला छान, पटकन वाळते.

विणायच्या आधी सगळा कपडा धुवायचा, नव्या कतरनीसुद्धा, त्यातली कांजी निघायला हवी आणि आखडायचं ते आत्ताच आखडू दे. गडद लाल, मरून, निळा, काळा असे कपडे तपासा, ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून धरा, रंग रुमालावर आला तर तो कपडा पाणी साफ येईपर्यंत पुनःपुन्हा धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण सुटणारा रंग मिठाने थांबत नाही, भरपूर पाण्यात धुऊन जादा रंग काढून टाकणं हाच उपाय. तरीही सुटतच राहिला तर फिक्या रंगांबरोबर तो वापरू नका.

चिंध्या फाडणं

कात्री फक्त सुरुवातीला लागते. सुती विणलेला कपडा धाग्याच्या रेषेत सरळ फाटतो, काठावर अर्धा इंच कातरा आणि दोन्ही हातांनी फाडा. लांबीच्या दिशेने फाडायचा. चादरीची एकच सलग पट्टी हवी असेल तर एका टोकाकडून फाडत दुसऱ्या टोकाच्या एक इंच आधी थांबा, मग त्या दुसऱ्या टोकाकडून पुढची पट्टी फाडायला घ्या आणि इकडच्या टोकाच्या एक इंच आधी थांबा, असं नागमोडी करत गेलात की न तुटता लांबच लांब पट्टी निघते. वळणांवर जे चौकोनी कोपरे राहतात ते कात्रीने गोल करा नाहीतर विणताना ते कानासारखे वर येतात.

हे काम गच्चीवर किंवा ओट्यावर करा आणि तोंडाला रुमाल बांधा, फाडताना कापसाची बारीक धूळ उडते आणि खोलीभर होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फाडूच नये, कात्रीने कापावं.

रुंदीचं गणित कपड्याच्या जाडीवर ठरतं. मलमल किंवा विरलेली साडी असेल तर दोन ते अडीच इंच, चादर आणि जाड सुती कापड दीड इंच, शर्टाचं कापड त्याच्यासारखंच, टी-शर्ट एक इंच, जीन्स अर्धा ते पाऊण इंच. पण माप पाठ करू नका, पट्टी हातात घेऊन पिळून बघा, पिळल्यावर सगळ्या कपड्यांच्या पट्ट्या पेन्सिलीइतक्या जाड दिसल्या पाहिजेत. जाडी सारखी नसेल तर सतरंजी एका ठिकाणी जाड आणि एका ठिकाणी पातळ होते आणि जाड भागच आधी झिजतो.

टी-शर्ट बगलेच्या खालचा भाग घ्यायचा आणि गोल-गोल स्प्रिंगसारखा कापत जायचं, शिवणी बाजूला असतात त्या आल्या तरी चालतात. टी-शर्टची पट्टी ओढली की स्वतःच गुंडाळते, कडा आत जातात, धागे निघत नाहीत. फाडलेल्या चादरीच्या कडांना मात्र धागे लोंबत असतात, ते एकदा हातातून ओढून काढून टाका, उरलेले दोन-चार धुण्यात जातील.

जोडायचं कसं? गाठ मारायची नाही, एकही नाही, गाठ पायाला टोचते आणि तिथून कपडा झिजतो. सगळ्यात सपाट जोड हा: दोन्ही पट्ट्यांची टोकं तीन-चार इंच तिरकी निमुळती कापा आणि विणताना एकाच ओळीत एकमेकांवर ठेवून दाबा, दोन अर्ध्या जाडीच्या पट्ट्या मिळून एक होते. टी-शर्टसाठी दुसरी पद्धत बरी, दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या इंचाची खाच पाडा, नवी पट्टी जुन्याच्या खाचेतून ओढा आणि तिचंच मागचं टोक तिच्याच खाचेतून घालून हळूच घट्ट करा.

पट्ट्या तयार झाल्या की रंगाप्रमाणे गोळे गुंडाळा आणि किचनच्या काट्यावर तोला. दोन्ही टोकांना सारखे पट्टे हवे असतील तर तो गोळा वजनाने अर्धा करून एक भाग आत्ताच बाजूला ठेवून द्या. अंदाजावर राहिलात तर शेवटचा पट्टा हमखास अर्ध्यात संपतो आणि तो रंग मग कुठेच मिळत नाही.

माग: चार लाकडं आणि शंभरेक खिळे

पायाने चालवायच्या हातमागावर हीच सतरंजी जास्त पटकन होते, पण तो माग घरात ठेवायला अर्धी खोली लागते. आपलं काम चौकटीच्या मागावर होतं.

लाकूड २ इंच बाय २ इंच जाडीचं घ्या, पाइनचं चालेल, सागवानाची गरज नाही. फोटोफ्रेमसारख्या बारीक पट्ट्या मुळीच नकोत, एका धाग्याची ओढ काहीच नसते पण शंभर धागे एकदम ओढायला लागले की बारीक लाकूड धनुष्यासारखं वाकतं आणि मधले धागे सैल पडतात. ४ फुटांचे दोन आणि अडीच फुटांचे दोन तुकडे वखारीतूनच कापून आणा. लांब तुकडे खाली, आखूड तुकडे त्यांच्या टोकांवर आडवे ठेवायचे आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन बोल्ट आरपार घालायचे, एकच घातला तर चौकट तिरकी होते. आखूड लाकडं वर असल्यामुळे धागे बाजूच्या लाकडांपासून दोन इंच उंच राहतात आणि हात घालायला जागा मिळते. बोल्ट कसायच्या आधी टेपने दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले म्हणजे काटकोन बरोबर. हे सगळं सामान सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत मिळेल, आणि ड्रिल नसेल तर कोपऱ्यावरच्या सुताराकडून भोकं पाडून घ्या, थोड्या वेळाचं काम आहे.

आता खिळे. दीड इंची, वर आणि खाली ४९-४९. दोन खिळ्यांत अर्धा इंच अंतर, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बरोबर २४ इंच. पण सगळे एका रेषेत ठोकले तर लाकूड चिरतं, म्हणून दोन रेषा आखा, अर्ध्या इंचाच्या अंतराने, आणि एक खिळा पुढच्या रेषेवर, पुढचा मागच्या रेषेवर असं करत जा. प्रत्येक खिळ्यासाठी आधी बारीक बिटाने भोक पाडा, खिळा अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि किंचित बाहेरच्या बाजूला कललेला ठेवा, नाहीतर दोरी वर सरकून निसटते. वरच्या आणि खालच्या खिळ्यांमध्ये साधारण ४५-४६ इंच अंतर राहील, त्यात ३६ इंच विणायचे आणि दोन्हीकडे पाच-पाच इंच गाठींसाठी.

ताणा चढवणं

दोरी सुती, पीळ घातलेली, तीन पदरी, २ मिमीच्या आसपास जाड. मॅक्रमेसाठी, म्हणजे गाठींच्या विणकामासाठी, मिळते ती चालेल पण तीन पदरी पीळवालीच बघा, नुसती मऊ एक पदरी असते ती ताणली जाते आणि तिचे तंतू निघतात. नायलॉन नको, ती रबरासारखी ओढली जाते आणि मागावरून काढली की सतरंजी गोळा होते. सव्वाशे मीटर दोरी आणा. रंग शक्यतो गडद, कारण विणल्यावर ताणा ठिपक्यांसारखा दिसत राहतो आणि पांढरे ठिपके लवकर मळतात.

खालच्या पहिल्या खिळ्याला गाठ मारा, दोरी वर न्या, वरच्या पहिल्या खिळ्याला वळसा, खाली दुसऱ्या खिळ्याला वळसा, पुन्हा वर दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. एका इंचात चार धागे बसतात. दोन्ही कडांच्या पहिल्या खिळ्यांवर दोरी दोनदा फिरवा आणि ती जोडी एकच धागा समजून विणा, काठावर सगळ्यात जास्त घासतं तिथे ही दुहेरी दोरी उपयोगी पडते. पहिल्या फेरीत फार ओढू नका. शेवटच्या खिळ्यापर्यंत पोचलात की दोरी तात्पुरती बांधा, परत पहिल्या धाग्यापासून एकेक धागा बोटाने ओढून सैलपणा पुढे-पुढे सरकवत न्या आणि मग शेवटची पक्की गाठ मारा.

मालवा मिल भागात कापड मिलमध्ये काम केलेले लोक अजून भेटतात, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली पण त्यांच्या हातातलं काम गेलेलं नाही. आमच्या ओळखीचे असे एक काका आहेत, ते ताण बघायला बोटाने धागा वाजवत नाहीत, तळहात सपाट ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवतात आणि डोळे दुसरीकडेच असतात. हात एका जागी थांबला म्हणजे तिथला धागा सैल. तुम्हीही असंच करा, डोळ्याला सगळे धागे सारखेच दिसतात, तळहाताला नाही दिसत.

ताण बरोबर झाला की वरच्या लाकडापाशी ताण्याखालून अर्धा इंच जाडीची एक लाकडी पट्टी सरकवा, सगळे धागे एकदम आणखी घट्ट होतील. विणत गेल्यावर दोरी वळणं घेत जाते आणि ताण आपोआप वाढतो, अर्धी सतरंजी झाली की मग ती पट्टी काढून टाकायची.

वाट उघडणं

विणण्याचं सगळं मर्म एवढंच की एकदा सम धागे वर आणि एकदा विषम धागे वर. बोटाने एकेक धागा उचलत चिंधी घालता येते, पण प्रत्येक ओळीला तेवढा वेळ कोण देणार, म्हणून दोन साधनं.

पहिलं, अडीच-तीन इंच रुंद आणि ३० इंच लांब गुळगुळीत लाकडी फळी. ती ताण्यातून एक धागा वर, एक धागा खाली अशी एकदाच घाला. ही फळी आडवी असली की काही नाही, उभी केली की अर्धे धागे वर उचलले जातात आणि मधे वाट उघडते. दुसरं, एक पडद्याचा रॉड किंवा सरळ बांबू. फळीच्या खाली राहिलेला जो प्रत्येक धागा आहे त्याला मजबूत सुती दोऱ्याचा एकेक फास घालून तो फास ह्या रॉडला बांधायचा. सगळे मिळून ४८-४९ फास होतील. फासांची लांबी अगदी सारखी हवी, नाहीतर काही धागे वर येतील आणि काही अर्ध्यातच राहतील, त्यासाठी एका जाड पुठ्ठ्याभोवती दोरा गुंडाळून सगळे फास आधीच कापून ठेवा. फळी वरच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून लांब, आणि रॉड तुमच्याकडे. फळी उभी केली की पहिली वाट. फळी आडवी करून वर सरकवली आणि रॉड उचलला की दुसरी.

वाचून हे डोक्यात बसत नसेल तर एक दिवस महेश्वरला जाऊन या, इंदूरहून ९० किलोमीटरच्या आसपास आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून वसवले, आणि किल्ल्यातच १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटी ह्या विणकरांच्या संस्थेच्या मागांवर बाया विणताना दिसतात. तिथलं सूत आणि रेशीम आपल्या दोरीपुढे फारच बारीक, पण पाय दाबला की वहीतले, म्हणजे मागावरच्या फासांतले, धागे उचलले जातात, आडवा धागा घेऊन धोटा जातो, तो धागा दाबायला फणी येऊन आपटते, हे पाच मिनिटं शांतपणे बघितलं की आपल्या फळी आणि रॉडचं काम काय ते लगेच कळतं. तिथली वही म्हणजे आपले फास. फणीच्या जागी आपण जाड दातांचा मोठा लाकडी कंगवा वापरू. दरी विणणारे लोखंडी पंजा वापरतात, तो मिळाला तर उत्तम, नाहीतर जेवणाचा जड काटाही चालतो, फक्त वेळ लागतो.

विणायला बसणं

चौकट भिंतीला तिरकी टेकवून खाली बसून विणा किंवा दोन स्टुलांवर आडवी ठेवा. माझ्या मते टेकवलेली बरी, पाठ सरळ राहते आणि पंजा खाली मारताना वजनही खालीच जातं.

खालून पाच इंच सोडून तिथे आधी ताण्याच्याच दोरीच्या पाच-सहा ओळी विणा. ह्या ओळींनी धागे सारख्या अंतरावर बसतात आणि नंतर गाठी मारताना चिंध्या निसटत नाहीत. ह्या वगळू नका.

आता चिंधी. हातभर लांब सपाट पट्टीला दोन्ही टोकांना खाचा पाडून तिच्यावर चिंधी गुंडाळा, हाच आपला धोटा. पहिल्या चिंधीचं टोक निमुळतं कापून त्याच ओळीत वळवून दडवा. वाट उघडा, धोटा पलीकडे काढा, आणि इथे थांबा, कारण सतरंजी बिघडते ती इथेच. चिंधी सरळ ओढून लगेच दाबायची नाही. काठापाशी ती नुसती टेकवा, ओढू नका, आणि मधे वरच्या बाजूला चार-पाच इंच उंच कमान करून सोडा. मग कंगव्याने आधी मधे, मग दोन्ही बाजूंना दाबा. ही कमान खाली येताना जी जादा लांबी असते ती धाग्यांच्या वरखाली जायला लागते. सरळ चिंधी दाबली तर ती लांबी ती काठाकडून ओढून घेते आणि सतरंजी मधे कमरेसारखी बारीक होत जाते. वाट बदला, बदलल्यावर पुन्हा एकदा दाबा, मग पुढची ओळ. बदललेल्या वाटेवर दाबलेली ओळ परत वर येत नाही.

दर चार इंचांनी टेप लावून रुंदी मोजा. २४ इंचाहून अर्धा इंच कमी झाली तर कमान मोठी करायला लागा, इंचभर कमी झाली असेल तर उसवा, पुढे जाऊन ती भरून येत नाही. काठ जागेवर ठेवायला सोपा उपाय म्हणजे दोन्ही काठांना दोरी ओवून ती चौकटीच्या बाजूच्या लाकडाला बांधायची आणि सात-आठ ओळी झाल्या की वर सरकवायची.

डिझाइनसाठी फार डोकं लावायला नको. पट्टे तर आहेतच. पण एक ओळ गडद आणि एक ओळ फिकी असं आलटून पालटून विणलंत तर आडवे नाही, उभे पट्टे दिसायला लागतात, कारण सम धाग्यांवर सतत एकच रंग येतो आणि विषमांवर दुसरा. मधेच एका रंगाच्या दोन ओळी लागोपाठ घातल्या की पट्टे जागा बदलतात आणि चौकडा तयार होतो. नऊवारीचा जरीचा काठ असेल तर तो वेगळा फाडून ठेवा आणि सतरंजीच्या मधोमध नको, टोकांकडे घाला, मधे पाय पडून जर लवकर निघते.

ताण्याचा धागा मधेच तुटला तर घाबरायचं काही नाही. तुटलेल्या धाग्याच्या जागी नवा दोरा वरच्या खिळ्याला बांधा, खाली विणलेल्या भागात टाचणी आडवी टोचून तिच्याभोवती आठाच्या आकारात गुंडाळा आणि विणत राहा. दोन्ही टोकं शेवटी सुईने विणीत दोन-दोन इंच ओवून टाकायची.

शेवटचे सहा-सात इंच राहिले की फळी उभी राहायला जागा उरत नाही. मग फळी आणि रॉड काढून टाका, मोठी गोणपाट शिवायची सुई किंवा चिंधीला सेफ्टी पिन लावून हाताने वरखाली ओवा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथे सगळे घाई करतात, म्हणून बऱ्याच सतरंज्यांचं एक टोक सैल असतं. ह्या भागात उलट जास्त दाबा. शेवटी पुन्हा दोरीच्या पाच-सहा ओळी.

मागावरून काढणं आणि नंतर

सगळे धागे एकदम कापायचे नाहीत. एका कडेपासून सुरू करा, शेजारशेजारचे दोन फास खिळ्यांवरून काढा, चार दोऱ्या हातात येतील, त्यांची एक साधी गाठ विणीला अगदी चिकटवून मारा, मग पुढचे दोन. एक बाजू पूर्ण झाली की चौकट फिरवून दुसरी. गाठी घट्ट झाल्या की दशा सारख्या कापा, दोन-तीन इंच पुरे, लांब दशा झाडूत आणि पायात अडकतात. मागावरून काढल्यावर सतरंजी लांबीला दोन-एक इंच आखडते, ताण सुटल्यामुळे, ते ठीकच आहे.

घरात टाइल्स किंवा मार्बल असेल तर खाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची मॅट त्याच मापाची कापून टाका. वयस्कर माणसं असतील त्या घरात तर ही मॅट हवीच. सतरंजीला मागून रबराचं सोल्युशन मात्र लावू नका, धुतल्यावर ते तडकतं आणि आतला कपडाही खराब करतं.

धुवायची तेव्हा टबात साबणाच्या पाण्यात भिजवून पायाने तुडवायची, पहिल्या दोन वेळा एकटीच, दुसरे कपडे बरोबर नको. ओली झाल्यावर ती खूप जड होते, तेव्हा दशांना धरून कधी उचलू नका आणि दोरीवर चिमट्याने लटकवूही नका, गच्चीच्या कठड्यावर मधोमध दुमडून टाका, पाणी निथळलं की उन्हात सपाट पसरा आणि दुपारी एकदा उलटा. पावसाळ्यात धुणं टाळाच, आतल्या चिंध्यांना दोन-दोन दिवस ओल राहते आणि मग तो वास लवकर जात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये नुसती झटकून वाऱ्यावर टाकली तरी पुरते.

चौकट मोडू नका. खिळ्यांवर नवीन दोरी चढवायला पहिल्यापेक्षा निम्मा वेळ लागतो, आणि उरलेल्या पट्ट्यांतून त्याच चौकटीवर मधले ३१ खिळे घेऊन १५ इंच रुंदीची दोन छोटी आसनं एकाच ताण्यावर निघतात, दोन्हींच्या मधे सात-आठ इंच मोकळे सोडायचे, आणि दोन्ही काढल्यावर ती जागा मधोमध कापून दोन्हीकडे गाठी मारायच्या.